केबलचं पेटंट कोल्हापुरात बसून : राजारामपुरीतल्या एका एजंट ऑफिसचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार. ड्राफ्टिंग (अर्जाचा मजकूर लिहिणं) आणि एफईआरचं, म्हणजे पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी रिपोर्टचं, उत्तर यासाठी पाचपैकी पाच, फोन उचलण्यासाठी दोन, बिलासाठी अडीच, सरासरी बिरासरी काढत बसू नका, माझी मर्जी म्हणून चार. आमच्या सिग्नल केबलचं पेटंट काढून देणारं हे पेटंट एजंटचं ऑफिस राजारामपुरीत आहे, नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाईटही लिहिलंय आणि कोल्हापुरात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही.

आमचं गोकुळ शिरगावला पॅनल आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं छोटं युनिट आहे, कामं बहुतेक साखर कारखान्यांची आणि थोडी शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्यांची. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, हंगाम सुरू झाला की एकीकडे सल्फिटेशनचा सल्फर डायऑक्साइड, दुसरीकडे डिस्टिलरीचा स्पेंट वॉश म्हणजे सांडपाणी, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आणि बायोगॅसच्या बाजूला हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास, वर मळीचे शिंतोडे, आणि पावसाळ्यात केबल ट्रेंच पाण्यानं भरलेली. तिथं पॅनलमधल्या तांब्याच्या लग (वायरीच्या टोकाच्या जोडण्या) काळ्याठिक्कर पडतात, ते कॉपर सल्फाइड. पॉवर केबलला फार फरक पडत नाही ओ, जाडजूड तांबं असतंय, पण सिग्नल केबलचे हाल होतात. पीएच मीटर, फ्लो मीटर, मॉडबसची आरएस-४८५ लाइन (मीटरचा डेटा नेणारी), सगळ्यांचं रीडिंग नाचायला लागतं आणि ऑपरेटर म्हणतो तुमचं मीटर खराब. मीटर चांगलंच असतंय, आत शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं धातूचं आवरण, गंजानं खाल्लेली असते.

शील्ड का खाल्ली जाते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साध्या इन्स्ट्रुमेंट केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियम-मायलर टेप असते, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मवर चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियमची अगदी पातळ फॉइल, आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला टेकून टिन केलेल्या तांब्याची ड्रेन वायर, म्हणजे शील्ड अर्थिंगला जोडणारी उघडी तार. कोरडं असेपर्यंत झकास. ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली पकड) सैल राहिला, जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचलं, की ड्रेन वायरच्या सात तारांमधल्या फटीतून पाणी वातीसारखं आत चढतं आणि मग तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना भिडले की काय होतं हे बारावीच्या पुस्तकात आहे, अ‍ॅल्युमिनियमचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल उणे १.६६ व्होल्ट, तांब्याचं अधिक ०.३४, बळी अ‍ॅल्युमिनियमचा. फॉइलची पांढरी पावडर होते आणि वरून केबल बघितली तर एकदम नवीकोरी.

यावर जुने उपाय आहेत की. टेलिफोनवाल्यांनी हा रोग कधीच ओळखला होता. आधी शिशाचं आवरण, मग पॉलिथिन आणि आत पेट्रोलियम जेली, तीच ती जेली फिल्ड केबल, आपल्याकडे टेलिफोनच्या खड्ड्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, हात तीनदा धुतले तरी चिकटपणा जात नव्हता म्हणतील. शिवाय कोपॉलिमर (एक प्रकारचं प्लास्टिक) लावलेली अ‍ॅल्युमिनियम टेप जी वरच्या पॉलिथिनला वितळून चिकटते आणि ओल बाहेरच अडवते. आणि पाणी लागलं की फुगणारं वॉटर ब्लॉकिंग यार्न, म्हणजे धागा. मग म्हणाल नवीन काय केलंत. तेच पेटंट ऑफिसनं पण विचारलं, येतो तिकडं.

जेली सगळीकडे भरली की जोडीचं कपॅसिटन्स वाढतं, कारण हवेच्या जागी सव्वादोनच्या आसपास डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवालं काहीतरी येऊन बसतं, इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) खाली येतो, आरएस-४८५ ला १२० ओहम पाहिजे असतो तो बिघडतो, मग इन्सुलेशन फोमचं करा नाहीतर जाड करा आणि केबल पाइपएवढी होते. फुगणाऱ्या यार्नची वेगळीच गंमत, त्यातली पावडर म्हणजे साधारणपणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, बाळाच्या डायपरमध्ये असते तीच, ती पाणी अडवते खरी पण स्वतः ओलं खारट जेल होऊन फॉइलला चिकटून बसते आणि गंजायला आयतं मैदान मिळतं. आम्ही यार्न फॉइलच्या पॉलिएस्टरच्या बाजूला नेलं, म्हणजे जेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये फिल्म राहते, जेली फक्त ड्रेन वायरच्या तारांच्या फटीत भरली, पोकळीत घट्ट फिलर, आणि वर कोपॉलिमर टेप आणि पॉलिथिन. एवढंच. ऐकायला साधं वाटतंय पण सँपल काढून देणारा एक्स्ट्रूडरवाला पण आधी हसला होता आणि नंतर गप्प झाला. हे सगळं इथं उघड लिहायला हरकत नाही कारण अर्ज पब्लिश झालाय, आता कुणीही वाचू शकतं.

तर ऑफिसचा रिव्ह्यू. त्यांच्याकडे जायच्या आधी मी आणखी एका ठिकाणी, म्हणजे एका कन्सल्टंटकडे चौकशी केली होती, तो म्हणाला साहेब पंधरवड्यात डिझाइन पेटंट करून देतो, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावा. मित्रहो या प्रकारापासून लांब राहा. भारतात डिझाइन पेटंट असलं काही नसतं, डिझाइन्स अ‍ॅक्ट २००० खाली डिझाइनचं रजिस्ट्रेशन असतं आणि ते वस्तूच्या दिसण्याला मिळतं, आकार, नक्षी, रंगसंगती, मुदत १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. माझी केबल दिसायला काळ्या दोरीसारखीच आहे, तिचं दिसणं घेऊन काय करू. आतल्या रचनेमुळे जे काम होतं ते पेटंट्स अ‍ॅक्ट १९७० खाली येतं, मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. राजारामपुरीतल्या मॅडमनी हे पहिल्या भेटीत चहा यायच्या आत सांगितलं आणि त्या रजिस्टर्ड पेटंट एजंट आहेत, म्हणजे सायन्स नाहीतर इंजिनिअरिंगची डिग्री आणि वर पेटंट ऑफिसची परीक्षा पास. तुमचा एजंट खरंच रजिस्टर्ड आहे का हे पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवरच्या यादीत बघून घ्या, लाजू नका, मी पण बघितलं होतं.

मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी मला घाई करू दिली नाही आणि त्याच वेळी घाई पण केली. ऐकायला विचित्र वाटेल पण असंच झालं. मी म्हणालो पुढच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल आहे, केबल तिथं ठेवतो, चार ऑर्डरी तरी मिळतील. मॅडम म्हणाल्या दादा, अर्ज टाकायच्या आधी स्टॉलवर मांडली तर नवीनपणा तिथंच संपला, सूट आहे पण ती सरकारनं नोटिफाय केलेल्या प्रदर्शनासाठी आणि त्यातही अर्ज १२ महिन्यांच्या आत लागतो, तुमचं प्रदर्शन त्यात बसत नाही. म्हणून आधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं कच्चं वर्णन, टाकलं, तारीख पक्की झाली, आणि कंप्लीट म्हणजे पूर्ण वर्णनासाठी १२ महिने मिळाले. एक्स्ट्रूडरवाल्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली ती पण त्यांच्याच सांगण्यावरून, नाहीतर आमच्या उद्यमनगरात अशी सही मागितली की समोरचा म्हणतो, विश्वास नाही व्हय आमच्यावर.

दुसरी गोष्ट, आणि या रिव्ह्यूमध्ये मला खरं सांगायचंय ते हेच. मॅडमनी कंप्लीट स्पेसिफिकेशन टाकायच्या आधी टेस्ट रिझल्ट मागितले. मी म्हटलं काय ओ, पेटंटला टेस्ट रिपोर्ट कुठं लागतो, लागत नाही म्हणून कायद्यात. त्या म्हणाल्या लागत नाही, पण परीक्षणात आक्षेप आल्यावर तुम्ही नवीन मजकूर घालू शकणार नाही, कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती म्हणजे फक्त सोडून देणं, चूक सुधारणं किंवा स्पष्टीकरण करणं, जे आज कागदावर नाही ते उद्या पण नाही. मग साधी केबल आणि आमची केबल शेजारी शेजारी, टोकं मुद्दाम उघडी ठेवून, सॉल्ट स्प्रे चेंबरमध्ये ठेवली, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, ते आयएसओ ९२२७ मध्ये आहे तसं. पण मीठ म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून एका कारखान्याच्या परवानगीनं ईटीपीजवळ पण तुकडे टांगले. ठरावीक वेळानं शील्डचा रेझिस्टन्स मोजायचा आणि फॉइल टोकापासून कुठंपर्यंत पांढरी झाली ते पट्टीनं बघायचं. त्या कंटाळवाण्या कामाचं टेबल स्पेसिफिकेशनमध्ये गेलं.

आणि एक प्रश्न त्यांनी विचारला तो मी कधी विसरणार नाही. पाणी शिरत नाही हे ठीक आहे, पण शिरलंच तर काय? मी दहा मिनिटं बोललो, त्यांनी लिहून घेतलं, कापलेल्या टोकाला पॉलिएस्टरची फिल्म आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही उघडी पडतात तिथं काय होतं, जेल फुगून पुढची वाट कशी बंद करतं, म्हणजे नुकसान टोकाशीच कसं थांबतं. एक परिच्छेद झाला. मला तेव्हा वाटलं की पानं वाढवायला लावतायत, कारण ३० पानांच्या वर गेलं की छोट्या अर्जदाराला दर पानाला १६० रुपये पडतात आणि १० क्लेमच्या (हक्काच्या दाव्यांच्या) वर दर क्लेमला ३२०.

फीचं एकदाच सांगतो कारण सगळे तेच विचारतात. उद्यम (लघुउद्योगाचं) रजिस्ट्रेशन असेल तर फॉर्म २८ लावून स्मॉल एंटिटी म्हणून भरायचं, ऑनलाइन अर्ज १६०० रुपये, मोठ्या कंपनीला तोच ८०००. परीक्षणाची विनंती वेगळी असते, अर्ज टाकला की आपोआप परीक्षण होतं असं पुष्कळ जणांना वाटतं, तसं नाही, फॉर्म १८ टाकावा लागतो आणि २०२४ च्या नियमांनंतर त्याची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आलीय, चुकला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फॉर्म १८ ला फी ४०००. आम्ही फॉर्म १८ए म्हणजे एक्स्पेडायटेड (लवकर परीक्षणाचा) घेतला, ८०००, तो स्टार्टअप, स्मॉल एंटिटी, महिला अर्जदार अशांना मिळतो, आणि सोबत लवकर पब्लिश करायला फॉर्म ९, त्याचे २५००, नाहीतर पब्लिकेशन १८ महिन्यांनी होतं. एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत भारतीय पेटंट मिळाल्यावर १ लाखापर्यंत खर्च परत मिळायची सोय आहे, पावत्या जपा. एजंटची फी यात धरलेली नाही, ती वेगळी, मुंबईच्या कोटेशनच्या निम्म्याहून थोडी जास्त पडली मला, वर १८ टक्के जीएसटी.

मग एफईआर आला, फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट. पहिल्यांदा वाचला तर माणसाचं ब्लड प्रेशर वाढतं, सगळ्या क्लेमसमोर नाही, नाही, नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या हे चांगलं आलंय, एक्झामिनरनं मन लावून वाचलंय. आणि खरंच वाचलं होतं. डी१ म्हणून कोपॉलिमर टेपवालं एक जुनं परदेशी डॉक्युमेंट, डी२ म्हणून फुगणाऱ्या यार्नची केबल, दोन्ही एकत्र केलं की तुमची केबल होते, म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं नवं पाऊल, नाही. वर कलम ३(एफ), म्हणजे माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्यात आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतोय. आणि पहिल्या क्लेममध्ये गंजरोधक असा शब्द आहे तो रिझल्ट आहे, रचना नाही, रचना सांगा. या तिसऱ्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला, कारण गंजरोधक म्हणून तर बाजारात सगळेच विकतात. कुणाला अशी डॉक्युमेंटं स्वतः शोधायची असतील तर वर्गीकरणाचा एच०१बी ७/२८ बघा, ओल, गंज, केमिकल आणि हवामान यापासून केबलचं संरक्षण, आणि कम्युनिकेशन केबल म्हणून एच०१बी ११ पण. फुकट आहे, एस्पेसनेट नावाच्या पेटंट शोधायच्या वेबसाइटवर बसून एक रविवार घालवा, अर्धे पेटंटचे विचार तिथंच गळून पडतात आणि पैसे वाचतात.

उत्तराला ६ महिने असतात, आणखी ३ पर्यंत वाढवून मिळतात, आम्ही त्याच्या आधी दिलं. उत्तर कसं लिहिलं ते बघण्यासारखं होतं. मॅडमनी डी२ च्या चित्रावर बोट ठेवलं, तिथं यार्न सरळ धातूच्या शील्डला टेकलेलं आहे, आणि कुठलाही केबलवाला ते तिथंच ठेवेल कारण पाणी तिथूनच धावतं. आम्ही ते मुद्दाम फिल्मच्या पलीकडे नेलं, आणि ते चालतं ते फक्त ड्रेन वायरच्या फटी भरल्यामुळे, त्या भरल्या नसत्या तर शील्डच्या आतून पाणी गेलंच असतं. म्हणजे एक गोष्ट काढली की दुसरी लंगडी होते, प्रत्येक जण आपापलं काम करतोय असं म्हणताच येत नाही, ३(एफ) लागतच नाही. आणि टेबल दाखवलं, यार्न आतल्या बाजूला असलेल्या सँपलची फॉइल बाहेर यार्न असलेल्यापेक्षा आधी गेली. हे तिसरं सँपल, यार्न आतवालं, मॅडमनीच करायला लावलं होतं, मला ते वायफळ खर्च वाटलं होतं. पहिल्या क्लेममध्ये दोन खालचे क्लेम उचलून घातले, गंजरोधक शब्द उडवला, क्लेम अरुंद झाला पण उभा राहिला.

तरी हिअरिंग लागलंच. व्हिडिओवर असतं, मुंबईला अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापर्यंत जायची गरज पडली नाही, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वाचलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. पेटंट ऑफिसच्या निर्णय देणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी सगळं सोडून नेमकं विचारलं, कापलेल्या टोकाला तर यार्न, फिल्म, धातू सगळंच एकत्र ओलं होणार, मग तुमचा फायदा कुठं राहिला? मॅडमनी पान नंबर आणि ओळ नंबर सांगितला. तोच परिच्छेद. स्पेसिफिकेशनमध्ये आधीपासून होता म्हणून बोलता आलं, नसता तर तोंडी कितीही समजावलं असतं तरी कागदावर आधार काय. नंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं ते दिलं, आणि पेटंट मिळालं.

आता वाईट. फोन. एका विशिष्ट मुदतीच्या आठवड्यात मॅडमचा फोन बंद आणि ऑफिसातला ज्युनिअर मुलगा म्हणतो मॅडम हिअरिंगमध्ये आहेत, सर उद्या सांगतो. उद्याला परवा होतं. काम वेळेत झालं हे खरं पण माझा जीव टांगणीला. ड्रॉइंग ज्या माणसाकडून करून घेतात तो केबल कधी बघितलेला नाही, पहिल्या आडव्या छेदात त्यानं ड्रेन वायर फॉइलच्या बाहेर काढली होती, म्हणजे अख्खा शोधच उलटा. मी स्वतः बसून दुरुस्त करून घेतलं, तुम्ही पण ड्रॉइंग डोळे मिटून पास करू नका. बिलात विविध खर्च नावाचा एक आकडा होता, विचारल्यावर प्रिंट, कुरिअर, सर्चचे तास वगैरे. असू दे, पण आधी सांगा की.

आणि एक तक्रार मला जरा जास्त लागली. पेटंट मिळाल्यावर मधल्या वर्षांची रिन्यूअल फी साचलेली असू शकते, ग्रँटला दोन वर्षांहून जास्त लागली असतील तर ती रजिस्टरमध्ये नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत भरायची असते. मला हे त्यांच्याकडून कळायला पाहिजे होतं, कळलं एका फाउंड्रीवाल्या मित्राकडून जो स्वतःच्या मोल्डिंग बॉक्सच्या पेटंटमध्ये पोळलेला. विचारल्यावर मॅडम म्हणाल्या हो यादीत होतंच, सांगणारच होतो. असेल. छोट्या अर्जदाराला तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला दर वर्षी ८०० रुपये, पुढं वाढत वाढत १६ ते २० व्या वर्षाला ८०००, फार नाही, पण चुकलं तर पेटंट जातं. मी आता कॅलेंडरला स्वतःच रिमाइंडर लावलेत.

कुणी जावं? ज्याच्याकडे खरोखर काहीतरी वेगळं आहे आणि जो सँपल, टेस्ट, माहिती द्यायला वेळ काढू शकतो त्यानं जरूर. ज्याला फक्त ब्रोशरवर पेटंट पेंडिंग छापायचंय त्यानं जाऊ नये, ते ऑफिस तुम्हाला प्रश्न विचारून विचारून हैराण करेल आणि दुसरीकडे तुम्हाला स्वस्तात मिळून जाईल. डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) रेकग्निशनवाला स्टार्टअप असाल तर सरकारच्या योजनेत फॅसिलिटेटर मिळतो, त्याची फी सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरायची, ते आधी बघा मग इकडं या.

संध्याकाळी पाचनंतर जाऊ नका, राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराला मॅडम निवांत असतात. आणि कोटेशन घेतानाच म्हणायचं, बिल आयटमवाइज पाहिजे, ड्रॉइंग किती, सर्च किती, हिअरिंग किती. मागितलं की देतात.